जुनं नाशिक पायी फिरायचंय: जुनी भांडी, जुनी दुकानं, निवांत चहा. कुठून सुरुवात करू?

पंचगंगेची पोर

नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची. दोन वर्षांपूर्वी अंबडच्या एमआयडीसीत नोकरी लागली, राहायला पाथर्डी फाट्याला आहे. या दोन वर्षांत मी नाशिक पाहिलं म्हणजे कंपनी, घर, कॉलेज रोडचे कॅफे आणि कुणी पाहुणे आले की गंगापूर धरणाकडची वाइनरी. जुन्या गावात दोनदाच गेले, दोन्ही वेळा रामकुंडावर आणि दोन्ही वेळा घाईत.

येत्या मंगळवारी रात्री माझ्या होस्टेलच्या दोन मैत्रिणी येतायत. बुधवार-गुरुवार मी रजा टाकलीय. एकीला जुन्या वस्तूंचं वेड आहे, मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात ती तासन्‌तास रमते. दुसरीला काही विकत घ्यायचं नसतं, तिला बसायला चांगली जागा आणि चांगला चहा लागतो. मला स्वतःला एक तांब्या हवाय. पितळेचा, ठोक्याचा, हातात जड लागणारा, आजीकडे होता तसा. आजी गेली तेव्हा मी बारावीत होते. भांडी वाटली गेली त्या दिवशी माझा पेपर होता, त्यामुळे माझ्या वाट्याला काही आलं नाही.

पुण्यासारखा जुना बाजार नाशकात भरतो का? नकाशावर शोधलं तर नुसती शोरूमं दिसतात. आणि जुनं म्हणून नवंच गळ्यात मारतात असं ऐकलंय, तर काय बघून घ्यायचं? जुन्या नाशकातलं कुणी असेल तर सांगा. खर्चायला तीन-चार हजार आहेत.


शालिमार ते सीबीएस

बुधवार म्हणताय ना, मग गंगेवर जा. तुम्ही बाहेरच्या म्हणून सांगतो, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. बुधवारचा आठवडे बाजार घाटावर भरतो. मुख्य माल भाजीपाला, मसाले, कपडे. जुनं सामान असलंच तर कडेकडेला, पोत्यावर मांडलेलं असतं. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की दगडी घाट तापतो.

गाडी आत घालू नका. मेनरोडच्या आतल्या गल्ल्यांत दुचाकीसुद्धा अडकते. भूक लागली तर मेनरोडला सायंताराचा साबुदाणा वडा आहेच. बाकी भांड्यांबद्दल इथे तिवंध्याचे काका लिहितील, त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.


तिवंध्याचा

ताई, तुमचा पेपर होता आणि भांडी वाटली गेली, हे वाक्य वाचून दुपारी आडवा झालो होतो तो उठून लिहायला बसलो. लांबेल, वाचून घ्या.

पुण्यासारखा खास जुन्या मालाचा बाजार नाशकात नाही. इथे जुनी वस्तू मिळते ती नव्या भांड्यांच्या दुकानात, मागच्या बाजूला, मोडीच्या म्हणजे भंगाराच्या पोत्यात. गिऱ्हाईक भांडी बाजारात नवं घ्यायला येतं ते घरातलं जुनं तांबं-पितळ पिशवीत घालूनच. दुकानदार ते काट्यावर टाकतो, मोडीच्या भावाने घेतो आणि नव्याच्या किमतीतून वळतं करतो. मोड साठली की ती गाळायला जाते. म्हणजे तुमच्या आजीसारखा तांब्या त्या बाजारात येतो, काही दिवस पोत्यात पडतो आणि भट्टीत जातो. त्या मधल्या दिवसांत तुम्ही तिथे पोचलात तर तो तुमचा.

हे मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः भट्टीकडे पाठवलंय. आमचा वाडा तिवंध्याला होता. १९९४ मध्ये वाडा सोडून आम्ही इंदिरानगरला दोन खोल्यांत आलो. बंब, दोन हंडे, घंगाळ, परात, आईच्या लग्नातली पाच तपेली, सगळं मी हातगाडीवर रचून उतारावरून भांडी बाजारात नेलं. त्रेचाळीस किलो भरलं. बंबाच्या आतली जाळी लोखंडी, तिची तूट वेगळी धरली. आले त्या पैशांत थोडी भर घालून रंगीत टीव्ही आणला. आई काही बोलली नाही. रात्री जेवताना फक्त एवढं विचारलं, "घंगाळावरचं नाव पुसलं का रे त्यांनी?" मला तेव्हा तो प्रश्नच कळला नाही.

मी नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये एकतीस वर्षं होतो. टपालाची तिकिटं पूर्वी लंडनहून छापून येत, १९२६ पासून ती इथे छापली जाऊ लागली. माझं काम तपासणीचं. भिंग घेऊन तिकिटांचे ताव बघायचे, अक्षर कुठे फुटलंय, शाई कुठे सरकलीय. दिवसभर बारीक अक्षरं वाचून घरी येणारा मी, आणि घंगाळावर काय लिहिलं होतं ते आज मला आठवत नाही. वडिलांचं नाव होतं की आजोबांचं, तेही सांगता येत नाही. आई २००३ साली गेली. त्यानंतर मी बुधवारी गंगेवर आणि एक दिवसाआड भांडी बाजारात जायला लागलो, तो अजून जातो.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगतो ती ही: भांडं हातात आलं की ते चकाकतं का ते बघू नका, त्यावर नाव आहे का बघा. पूर्वी भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायचंच अशी रीत होती. बारीक पोगराने, म्हणजे टोकदार छिन्नीने, एकेक ठिपका ठोकत अक्षर काढायचे. हौस म्हणून नव्हे. लग्नकार्यात, मंगळागौरीला, बारशाला भांडी गल्लीभर फिरायची आणि ती आपल्याच घरी परत यावीत यासाठी. नाव बहुधा काठाच्या खाली किंवा मानेच्या खोबणीत असतं, कधी बुडावर. भेट असेल तर कुणाकडून कुणाला, कशानिमित्त, मिती काय, सगळं असतं, मात्र आद्याक्षरांत, कारण अक्षरागणिक पैसे पडत. बोटाच्या टोकाने चाचपा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं.

आता फसवणुकीचं. दुकानात शिरल्यावर आधी विचारा, "आज पितळेची मोड काय भावाने घेता?" भाव रोज बदलतो म्हणून मी आकडा सांगत नाही. हा एक प्रश्न विचारला की तुम्ही बाजार जाणता हे समोरच्याला कळतं. तो घेतो त्या भावावर त्याला काही सुटायला हवंच, त्याचं पोट आहे. पण तो काटा बाजूला ठेवून "हा नग अमुक हजाराला" म्हणाला तर समजा की तुम्ही पाहुण्या आहात हे त्याने ओळखलं. वजन करायला लावा. समई, गुलाबदाणी, पोकळ बुडाची कुठलीही वस्तू असेल तर उलटी करून टिचकी मारा, बुडात राळ-माती भरलेली असते आणि ती पितळेच्या भावाने तुम्ही घेता. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पितळ, तांबं, कासं त्याला चिकटत नाही, वरून पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड चिकटतं.

तांब्या ठोक्याचा आहे की यंत्रावरचा, हे आत बोट फिरवून कळतं. यंत्रावर दाबून केलेल्या भांड्याच्या आत गोल गोल सारख्या रेघा असतात. ठोक्याच्या भांड्यावर मठाराचे ठसे असतात, हातोडीचे, एकासारखा दुसरा नसलेले. आणि फार जुन्या तांब्यात मानेला किंवा बुडाच्या वर करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी रेघ दिसते. दोन तुकडे एकमेकांत दाते अडकवून झाळलेले असतात, तो सांधा. ती रेघ दिसली तर भाव करत बसू नका, घेऊन टाका. उलट सगळीकडे एकसारखा हिरवट-काळा रंग असेल तर तो रसायनाने चढवलेला आहे असं समजा. खरा जुना तांब्या हाताची बोटं जिथे पडतात तिथे झिजलेला आणि उजळ असतो, खोबणीत काळा असतो.

फिरायचं कसं, तर रविवार कारंजापासून पायी उतरा. भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल हे सगळं एकमेकाला चिकटून आहे. दहीपुलावर पूल शोधाल तर दिसणार नाही, खालून सरस्वती नाला वाहतो. पूर आला की गंगेचं पाणी याच नाल्यातून मागे फिरतं आणि सराफ बाजारात शिरतं. १९६९, २००८, २०१६, प्रत्येक पुराची पातळी तिथले जुने दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतात. मी हे उगाच सांगत नाही. या पुरांमुळे तिथल्या दुकानांत चांगला जुना माल खाली ठेवत नाहीत, माळ्यावर ठेवतात. म्हणून काउंटरवर नाही दिसला म्हणून परत फिरू नका. "माळ्यावर काही आहे का" असं विचारा आणि बसा. थांबायची तयारी दिसली की माणूस शिडी लावतो.

सरकारवाडा वाटेवरच आहे. पेशवाईतला वाडा, काळा दगड आणि लाकडी खांब. तुमच्या वस्तुवेड्या मैत्रिणीला तो बाहेरून तरी दाखवा, म्हणजे दुकानातलं बिजागर, कडी, कोयंडा कुठे बसायचा हे तिला कळेल.

चहावाल्या मैत्रिणीसाठी मी कॅफे सांगू शकणार नाही, मला ठाऊक नाहीत. पण पलीकडच्या काठाला, पंचवटीच्या अंगाला नारोशंकराचं मंदिर आहे, त्याची ती मोठी घंटा वर दिसते. खाली पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर मोजायचा तो त्याच्यावरून, कमरेला पाणी आलं, छातीला आलं, बुडाला. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. त्याच्या समोरच्या पायऱ्यांवर संध्याकाळी टपरीचा चहा घेऊन बसा. मी आजही तिथेच बसतो.

एक शेवटचं. २०११ च्या सुमाराला मला गंगेवर एका पोत्यावर एक फुलपात्र मिळालं. त्यावरचं आडनाव आमच्याच गल्लीतलं होतं, आमच्या वाड्यापासून चौथं घर. ते लोक कधीच देवळालीला गेले होते. शोधत गेलो. घरात नात होती, तिशीची असेल. फुलपात्र हातात घेऊन ती आत गेली, बराच वेळ आली नाही. आली ती त्यात पाणी भरून आणि मला म्हणाली, "आधी तुम्ही प्या."

आमचं घंगाळ मला अजून मिळालेलं नाही.


येवल्याची लेक

काका, वाचून डोळे भरून आले. भांड्यांचं होतं तेच पैठणीचंही होतं, म्हणून एवढंच लिहिते. माझं माहेर येवल्याचं. जुनी जर विकत घेणारे गावोगाव फिरतात. जुन्या पैठणीत रेशमाभोवती चांदीची तार असायची, तिच्यावर सोन्याचं पाणी. ती पैठणी जाळली की चांदी उरते, आणि त्या चांदीच्या वजनाचे पैसे मिळतात. माझ्या आजेसासूबाईंच्या दोन पैठण्या अशाच गेल्या.

पंचगंगेच्या ताई, सराफ बाजारात फिरताना जुन्या पैठणीचा सुटा पदर किंवा काठ कुणी दाखवला तर उलटी बाजू बघा. हातमागावरच्या पैठणीची नक्षी दोन्ही अंगांनी सारखी दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती हातमागावरची पारंपरिक नाही. नुसता पदर मिळाला तरी घ्या, चौकटीत लावता येतो.


गंगापूर रोडची

मी गंगापूर रोडला छोटा कॅफे चालवते. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटेल. काकांनी सांगितलेल्या पायऱ्यांशी मी कॅफेची तुलना करणार नाही, पण दुसरा दिवस मोकळा असेल तर एक सुचवते: लाकूड बघा.

जुन्या नाशकातले वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, चौकटी आणि दारं जुन्या लाकडाच्या वखारींत येतात. माझ्याकडची सहा टेबलं दारांची आहेत. पहिलं दार आणलं तेव्हा सुतार म्हणाला, यावर रंधा मारून एकदम नवं करून देतो. मी मारू दिला नाही. त्या दारावर कडीच्या खाली अर्धगोल घासलेली खूण आहे. शंभर वर्षं ती कडी तिथे झुलत होती. लोक चहा पिताना त्या खुणेवरून बोट फिरवतात आणि विचारतात, हे काय? मग बोलणं सुरू होतं. रेडिओ, ग्रामोफोन असलं काही मी मांडत नाही, कारण बंद पडलेला रेडिओ शोभेला ठेवणं मला पटत नाही. माझ्याकडे एकच जुना वाल्व्हचा रेडिओ आहे आणि तो लागतो. लावल्यावर आवाज यायला अर्धा मिनिट जातो, वाल्व्ह तापावे लागतात. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं बिघडला.

तुमच्या चहावाल्या मैत्रिणीला सांगा, कॅफे निवडताना सजावट बघू नको, दुपारी तीन वाजता तिथे एकटं पुस्तक वाचत बसलेलं कुणी आहे का ते बघ. असेल तर तिथे बस. आणि टिळक पथावर सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० सालचं. पुस्तकवेडं कुणी तुमच्यात असेल तर ते चुकवू नका.


नाणेवेडा

नाण्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घाटावर नाणी विकायला बसतात त्यांच्याकडून हौसेपुरतं घ्या, गुंतवणूक म्हणून घेऊ नका. १९४७ चा वाघाचा रुपया चांदीचा म्हणून विकतात. तो निकेलचा आहे, काकांचं लोहचुंबक लावा, चिकटेल. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात १९३९ पर्यंत जवळपास ९२ टक्के चांदी. १९४० पासून ती निम्म्यावर आणली. शिवाजी महाराजांचा होन म्हणून पिवळं काही दाखवलं तर हातसुद्धा लावू नका.

खरी नाणी बघायची असतील तर त्र्यंबक रोडने अंजनेरीला जा. तिथे १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचं संग्रहालय आहे. आपल्या जिल्ह्याला या विषयात मोठा मान आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. सगळी नहपान क्षत्रपाची, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. जिंकल्यावर नाणी गाळली नाहीत, शत्रूच्या चेहऱ्यावरच आपला शिक्का उठवला. एकाच नाण्यावर दोन्ही राजे वाचता येतात. चांदवडलाही पुढे मराठ्यांची टांकसाळ होती, चांदवडी रुपया तिथला.

आणि एक सावधगिरी. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. ती देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या मैत्रिणींपैकी कुणी परदेशी राहत असेल तर हे आधी सांगा. कुणी "शेतात सापडलं" म्हणून मूर्ती किंवा नाणी दाखवली तर तिथून उठा. जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तो कायदा १८७८ पासून आहे.


पंचगंगेची पोर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघींना गाडीत बसवून दिलं आणि आज हे लिहितेय.

बुधवारी सकाळी सातला गंगेवर पोचलो. जुन्या सामानाची तीनच पोती दिसली. एकावर सुटे नळ, बिजागरं, कुलपं. मैत्रीण तिथे तासभर बसली आणि किल्ली नसलेलं पितळी कुलूप घेऊन उठली, ती खूश. मग रविवार कारंजावरून भांडी बाजारात उतरलो. पहिल्या दुकानात मी मोडीचा भाव विचारला, तर दुकानदाराने मान वर करून विचारलं, "कुणाकडच्या तुम्ही?" मला फार बरं वाटलं. तिथे काही नव्हतं. दुसऱ्या दुकानात बुडात राळ भरलेली समई दाखवली, टिचकी मारली, आवाज बसका आला, परत ठेवली. तिसऱ्या दुकानात माळ्याचं विचारलं. "जेवणानंतर या" म्हणाले. गेलो. शिडी लागली.

पोतं खाली आलं तेव्हा धुळीने आम्ही तिघी शिंकत होतो. त्यात अकरा तांबे होते. मी डोळे मिटून एकेक हातात घेतला. वेडेपणा वाटेल, पण आजीच्या तांब्याचं माप माझ्या हाताला ठाऊक होतं, डोळ्याला नव्हतं. सातव्याला हात थांबला. ६४० ग्रॅम भरला. मोडीच्या भावावर थोडं चढवून दिला, आणि काका, मानेच्या खाली नागमोडी रेघ आहे! फोटोत नीट येत नाही, पण आहे.

संध्याकाळी दुतोंड्या मारुतीसमोर बसलो. चहावाल्या मैत्रिणीने तीन चहा घेतले आणि म्हणाली, गुरुवारी पुन्हा इथेच. त्यामुळे अंजनेरी राहिलं, वखारीही राहिल्या. गंगापूर रोडच्या ताई, तुमचा कॅफे मी शोधणार आहे, दाराची टेबलं ही खूण पुरेशी आहे.

आता माझा प्रश्न. घरी येऊन चिंचेने घासला तर मानेच्या खोबणीत ठिपके वर आले. नाव इथे लिहीत नाही, पण बाकीचं असं आहे: "चि. सौ. कां." मग नाव, मग "हिस आ. कडून भे." आणि खालच्या ओळीत "मा. शु. ५ श. १८६३". दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, बघा, १८६३ चा आहे, दीडशे वर्षांहून जुना, तुम्हाला फार स्वस्तात गेला. नाणेवेडे दादा, म्हणजे हा त्या शंभर वर्षांच्या कायद्यात येतो का? आणि "मा." म्हणजे मामा असेल का?


तिवंध्याचा

ताई, हाताने ओळखलात, वा.

"श." म्हणजे शके. शकाच्या आकड्यात ७८ मिळवायचे, म्हणजे १९४१. आणि "मा. शु. ५" म्हणजे माघ शुद्ध पंचमी. माघ शकाच्या अखेरीला येतो, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून जानेवारी १९४२ धरा. वसंत पंचमीचा दिवस. "चि. सौ. कां." म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, तेव्हा नवरी मुलगी, "भे." म्हणजे भेट. लग्नातला तांब्या आहे तुमचा. कायद्यात येत नाही, निर्धास्त राहा. दुकानदाराने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, शके आता वाचतं कोण.

"आ. कडून" मात्र मला सोडवता येत नाही. आजी, आजोबा, आत्या, काहीही असेल. आमच्याकडे लग्नात तांब्या आत्या द्यायची, म्हणून माझं मन आत्याकडे झुकतं, पण तसं लिहून ठेवू नका.

घासताना एक पथ्य पाळा. नाव आहे त्या खोबणीला राख, विटेची पूड, तारेची घासणी काही लावू नका. ठिपके उथळ होत जातात आणि एक दिवस बोटालाही लागत नाहीत. चिंच किंवा लिंबू, मऊ फडकं, बस्स. पाणी ठेवायला हरकत नाही. ताक, सरबत, आंबट काही ठेवायचं असेल तर आतून कल्हई करून घ्या. भांडी बाजारातच विचारा, करणारा कुठे बसतो ते सांगतील. आणि कल्हई होताना समोर उभ्या राहा. नवसागराचा धूर उठतो आणि कथलाचा हात फिरला की आतली बाजू एका क्षणात पांढरी होते, ते बघण्यासारखं असतं.

त्या पोत्यात अकरा होते म्हणालात, म्हणजे दहा अजून तिथे आहेत. दुकान कुठलं ते मला निरोपातून कळवा, उद्या सकाळीच जाऊन त्यांच्या माना चाचपून येतो.